मेक्सिकन स्वयंपाक घरी: सुरुवात मक्यापासून

कणीस (धागाकर्ती)

घरी मेक्सिकन जेवण करायचे ठरले की आपण बाजारातून कडक टाको शेल, मसाल्याची पुडी, चीज आणि हालापेन्योची बाटली घेऊन येतो, राजम्यात ती पुडी रिकामी करतो आणि वरून कांदा-टोमॅटो पेरून मोकळे होतो. त्याला चव नसते असे नाही. मुले आवडीने खातात. मात्र तो प्रकार मेक्सिकोपेक्षा टेक्सासला जवळचा आहे. पुएब्ला, ओआहाका, मिचोआकान या भागांतले रोजचे जेवण ज्या एका गोष्टीवर उभे आहे, ती चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची तोर्तिया, म्हणजे पातळ भाकरी, त्यात कुठेच नसते. युनेस्कोने २०१० साली पारंपरिक मेक्सिकन पाककलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा मका चुन्यात शिजवण्याच्या या पद्धतीचा त्यात आवर्जून उल्लेख होता. माझे मत असे आहे की ही एक गोष्ट साधली तर उरलेले बहुतेक सामान आपल्या मंडईत मिळते, आणि ती साधली नाही तर आयात केलेल्या बाटल्यांचा फारसा उपयोग होत नाही.

कृती लांबलचक असली तरी अवघड नाही. धान्याच्या दुकानातून अर्धा किलो वाळलेला मका घ्यावा. स्वीटकॉर्न चालत नाही आणि लाह्यांचा मकाही नको. शेतीच्या दुकानातील पेरणीचा मका तर कधीच घेऊ नये, कारण त्याला औषध चोळलेले असते. मक्याच्या वजनाच्या सुमारे एक टक्का, म्हणजे पाच ग्रॅम खाण्यायोग्य विरलेल्या चुन्याची पूड दीड लिटर पाण्यात ढवळावी, त्यात धुतलेला मका घालावा आणि मंद आचेवर पाऊण तास शिजू द्यावा. मक्याचा रंग लगेच गडद पिवळा होतो आणि स्वयंपाकघरात एक वेगळाच, ओल्या भिंतीसारखा वास सुटतो. दाणा बोटांत चोळल्यावर साल बुळबुळीत होऊन सुटू लागली की गॅस बंद करून झाकण ठेवावे आणि मका त्याच पाण्यात रात्रभर मुरू द्यावा.

सकाळी दाणा दातांनी तोडून पाहावा. मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका राहिलेला असला तर मका तोर्तियासाठी बरोबर झाला आहे. ठिपका मोठा असेल तर आणखी थोडे शिजवावे. अजिबात नसेल तर मका जास्त शिजला आहे आणि त्याचे पीठ चिकट होईल. नंतर दाणे चोळून दोन-तीन पाण्यांतून काढावेत. काही जण सालीचा कण न् कण काढत बसतात, ते करू नये. थोडी साल राहिली तरच पीठ धरून राहते. हे दाणे अगदी कमी पाण्यात बारीक वाटले की तोर्तियाचे पीठ तयार होते. त्यात मीठ नाही, तेल नाही, मैदा तर नाहीच.

भाजण्याबद्दल पुढे लिहीन. आधी प्रश्न येऊ द्यात.

ठाणेकर_सुगरण

कणीस, लेख आवडला, पण इतका खटाटोप कशासाठी हे मला समजले नाही. दुकानात मक्याचे पीठ तयार मिळते. पंजाबी लोक त्याचीच रोटी करतात. मग मका उकळा, भिजवा, धुवा, वाटा, हे सगळे करून वेगळे काय हाती लागते? दुसरे म्हणजे पानाचा चुना पोटात गेलेला चालतो का? घरात लहान मूल आहे म्हणून विचारते.

कणीस

पंजाबी मक्याची रोटी हा उत्तम पदार्थ आहे, पण ते पीठ कच्च्या मक्याचे असते. त्याला गरम पाणी लावले तरी कडा फाटतात, रोटी जाड थापावी लागते आणि गार झाल्यावर ती दुमडता येत नाही. चुन्याने दाण्याच्या सालीतली हेमिसेल्युलोज या तंतुमय घटकाची बांधणी सैल होते व तिचा काही भाग डिंकासारखा होऊन पिठाला धरून ठेवतो. शिवाय स्टार्चही अर्धवट शिजलेला असतो. त्यामुळे गव्हातले चिवट ग्लूटेन नसताना पातळ, लवचिक आणि घडी पडणारी तोर्तिया होते. चव आणि वासही बदलतो, आणि तो बदल एकदा ओळखीचा झाला की साध्या पिठाची तोर्तिया अळणी लागते. आपल्या दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून जे मिळते तो तर निव्वळ स्टार्च आहे. त्याचा इथे काहीही उपयोग नाही.

चुन्याबद्दल विचारलेत हे बरे केले. चुनकळी, म्हणजे न विरलेला चुना, स्वयंपाकघरात आणूच नये; पाणी लागताच तो उकळतो आणि भाजतो. भिंतीला लावायचा चुनाही नको. खाद्य दर्जाचे कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिळाले तर सर्वांत चांगले. पानवाल्याकडचा ओला चुना घ्यायचा झाल्यास तो बिनसुगंधी आणि खात्रीचा असावा, आणि त्यात पाण्याचे वजन धरलेले असल्यामुळे तो दुप्पट घ्यावा. मका धुतल्यावर बराचसा चुना पाण्यासोबत निघून जातो. जो उरतो त्याने कॅल्शियम वाढते. कोरडी पूड हाताळताना मात्र डोळे सांभाळावेत आणि मुलांना दूर ठेवावे.

निवळी

आमच्याकडे कोहळ्याच्या पेठ्यासाठी चुना पाण्यात रात्रभर ठेवून वरची निवळी घेतात. तीच इथे वापरली तर चुन्याची भीती राहणार नाही, असे मला वाटते.

वैद्यबुवा

निवळी पुरणार नाही, आणि त्याचे कारण साध्या रसायनशास्त्रात आहे. एक लिटर थंड पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, आणि पाणी तापवले की विद्राव्यता वाढण्याऐवजी कमी होते. म्हणजे दीड लिटर निवळीत अडीच ग्रॅमच्या आसपास चुना आला. अर्धा किलो मक्याला हवा पाच ग्रॅम. मका जसजसा चुना शोषतो तसतसा तळाचा न विरघळलेला साका पाण्यात उतरत जातो, म्हणून पाणी गढूळच असले पाहिजे. पेठ्याला निवळी चालते, कारण तिथे फक्त फोडी बाहेरून कडक करायच्या असतात.

जाता जाता भांड्याबद्दल. ॲल्युमिनियमचे पातेले किंवा कुकर वापरू नये. अल्कली ॲल्युमिनियमला खाते. स्टेनलेस स्टील घ्यावे.

ठाणेकरांच्या 'हाती काय लागते' या प्रश्नाला आरोग्याच्या बाजूनेही उत्तर आहे. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व बहुतांशी बांधलेल्या स्वरूपात असते आणि ते शरीराला मिळत नाही. चुन्यात शिजवल्याने ते मोकळे होते. मका समुद्रापार युरोपात गेला, पण ही पद्धत मागेच राहिली. गरिबांचे पोट जवळजवळ एकट्या मक्यावर भरू लागले तिथे पेलाग्रा पसरला: उन्हाला उघडी राहणारी कातडी काळवंडते आणि सोलते, जुलाब लागतात, शेवटी बुद्धिभ्रंश होतो. स्पेनमधील आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने १७३५च्या सुमारास त्याचे वर्णन केले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच रोग इतका माजला की तो संसर्गजन्य असावा अशी समजूत झाली. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासूनच्या कामात तो आहाराचा रोग असल्याचे दाखवले, आणि १९३७ साली कॉनराड एल्वेहेम यांनी त्यामागे नायसिनची उणीव असल्याचे सिद्ध केले. मेक्सिकोत मका त्याहून जास्त खाल्ला जात होता, तरी तिथे हे संकट त्या प्रमाणात आले नाही.

आपल्याही परिसरात पेलाग्रा होता. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांमध्ये तो आढळे, आणि १९६०मध्ये हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जास्त प्रमाणाशी जोडला. त्या मांडणीवर पुढे बराच वाद झाला, पण तो इथे वाढवत नाही. धागा तोर्तियाचा आहे.

शिकागोकर

इथे पिल्सन आणि लिटिल व्हिलेज या भागांत तोर्तियाच्या गिरण्या आहेत, आणि तिथे ताजे ओले पीठ पौंडावर मिळते. परदेशातल्या मराठी मंडळींनी अशी गिरणी जवळ असेल तर आधी तीच गाठावी. विचारून मात्र घ्यावे, कारण तामालेसाठीच्या (कणसाच्या सालीत गुंडाळून उकडायच्या पदार्थासाठीच्या) तयार पिठात बरेचदा डुकराची चरबी आणि मीठ आधीच मळलेले असते, ते शाकाहारी घरात चालणार नाही आणि त्याच्या तोर्तियाही होणार नाहीत.

गिरणी नसेल तर मासा हारिना, म्हणजे चुन्यात शिजवून, वाटून, वाळवलेल्या मक्याचे पीठ घ्यावे. मासेकाची पिशवी जवळपास सगळीकडे मिळते. १९४९ साली नुएव्हो लेओन राज्यातल्या सेराल्व्हो गावी सुरू झालेल्या कंपनीचे हे पीठ आज घराघरांत आहे. पिशवीवर तोर्तियासाठी की तामालेसाठी हे पाहावे; तामालेचे पीठ भरड असते. व्हेनेझुएलाचे 'पान' (P.A.N.) या नावाचे मक्याचे पीठ याच फळीवर असते आणि लोक चुकून तेच उचलतात. ते शिजवलेले असते, पण चुन्यातले नसते. त्याच्या अरेपा, म्हणजे तिकडच्या जाड भाकऱ्या, उत्तम होतात, तोर्तिया होत नाहीत.

पाटावरवंटा

वाटण्याबद्दल कोणीच काही बोलले नाही, आणि खरी अडचण तर तिथेच येते. मिक्सरला पाणी लागते, पाणी घातले की पीठ सैल होते, आणि सैल पिठाची तोर्तिया प्लास्टिकवरून सुटत नाही. इडलीच्या दगडी वेट ग्राइंडरमध्येही थोडे पाणी लागतेच. आमच्या घरी पाटा आहे, त्यावर मी वाटले. मेक्सिकोत बायका गुडघ्यांवर बसून ज्या मेताते नावाच्या तीन पायांच्या उतरत्या दगडावर मका वाटत आल्या, त्याचे काम हुबेहूब तेच आहे, आणि पीठ अप्रतिम निघते. पण चौघांपुरते वाटून झाल्यावर खांदे बोलायला लागतात, हेही सांगून ठेवतो. पाटा नसलेल्यांनी काय करावे?

कणीस

पाटा असलेल्यांचा हेवा वाटतो. मिक्सरमध्ये करायचे तर चटणीचे लहान भांडे घ्यावे, एका वेळी वाटीभरच दाणे घालावेत, चमच्या-चमच्याने पाणी घालावे आणि थांबून-थांबून फिरवावे, नाहीतर पीठ गरम होते. तरीही सैल झाले तर स्वच्छ पंच्यात गुंडाळून तासभर टांगून ठेवावे, किंवा मासा हारिना घरात असल्यास मूठभर मिसळावे. गव्हाचे पीठ मिसळले तर गोळा जमतो, पण मग चुना, मका, रात्रभराची वाट यांना अर्थ राहत नाही.

आता भाजणे. लिंबाहून थोडा लहान गोळा घेऊन तळहातांत दाबावा. कडांना चिरा गेल्या तर पिठाला पाणी कमी आहे, हाताला लागले तर जास्त. दुधाची पिशवी कापून धुऊन तिचे दोन चौकोन करावेत आणि त्यांच्यामध्ये गोळा ठेवून पुरी दाबायच्या यंत्रात, किंवा सपाट बुडाच्या जड पातेल्याने दाबावा. वीतभराहून लहान, दोन मिलिमीटर जाडीची तोर्तिया झाली पाहिजे. ती तळहातावर घेऊन बिडाच्या चांगल्या तापलेल्या तव्यावर अलगद सोडावी. पहिली बाजू वीस-पंचवीस सेकंद, कडा सुटेपर्यंतच. मग उलटून दुसरी बाजू मिनिटभर, तपकिरी ठिपके येईपर्यंत. पुन्हा उलटून बोटांनी हलके दाबले की ती फुगते. फुगली तर पीठ, पाणी आणि आच तिन्ही जमले. भाजलेल्या तोर्तिया जाड कापडात एकावर एक ठेवाव्यात. तिथे पाच-दहा मिनिटे वाफेत बसल्यावरच त्या मऊ होतात. तव्यावरून थेट ताटात घेतलेली पहिली तोर्तिया कडक लागली म्हणून निराश होऊ नये.

वऱ्हाडी_पाहुणा

मक्याचा आणि मेक्सिकोचा विषय निघाला आणि वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव आले नाही, तर आम्हा वऱ्हाडकरांना चैन पडणार नाही. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक, ब्रिटिशांच्या ससेमिऱ्यामुळे देशोदेशी फिरत १९२०च्या दशकात मेक्सिकोला पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत शिकवू लागले. त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या एका चित्रात मेजाच्या टोकाशी बसून भाकर मोडणारा जो माणूस आहे तो खानखोज्यांवरून काढला आहे. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. २०२२मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसवण्यात आला. आपल्या शाळेच्या पुस्तकांत मात्र त्यांच्यासाठी जागा अजून फारशी झालेली नाही.

ठाणेकर_सुगरण

तोर्तियाचे पटले. पण तिच्यात भरायचे काय? आम्ही शाकाहारी आहोत, आणि मेक्सिकन म्हटले की मांसच आठवते. मसाल्याची पुडीही वापरायची नाही म्हणता.

कणीस

पुडीत जिऱ्याचा इतका भडिमार असतो की सगळे एकाच चवीचे होते. जिरे मेक्सिकोत वापरतात, पण मध्य आणि दक्षिणेकडे अगदी चिमटीने. जिऱ्याचा जोर हे टेक्सास आणि उत्तर सीमेकडचे लक्षण आहे. चव येते ती वाळलेल्या मिरच्यांतून. ग्वाहिल्यो आणि आंचो आपल्याकडे सहज मिळत नाहीत, पण ब्याडगी मिरची रंगाने व कमी तिखटपणाने ग्वाहिल्योच्या बरीच जवळ जाते. आंचोचा मनुकांसारखा गोडसर वास मात्र तिच्यात नाही, तेव्हा त्याची आशा धरू नये. तिखट हवे असल्यास एखादी संकेश्वरी घालावी.

देठ आणि बिया काढून मिरच्या कोरड्या तव्यावर काही सेकंदच दाबून भाजाव्यात. काळ्या पडल्या की सॉस कडू होतो आणि मग साखर घालूनही सावरत नाही. गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवाव्यात, तव्यावर डाग पडेपर्यंत भाजलेला टोमॅटो, कांद्याची फोड आणि सालासकट भाजून मग सोललेली लसूण यांच्याबरोबर वाटाव्यात व गाळून घ्याव्यात. आपली फोडणी आधी असते. इथे वाटण शेवटी तापलेल्या तेलात ओततात आणि रंग गडद होऊन तेल सुटेपर्यंत परततात. हळद नाही, धनेपूड नाही, गरम मसाला नाही. हात शिवशिवतात, पण आवरावेत.

हिरव्या सॉससाठी लागणारा तोमातियो, म्हणजे हिरव्या टोमॅटोसारखे दिसणारे आंबट फळ, इथे मिळत नाही. त्याचे पापुद्र्यासारखे आवरण पाहून काही जण आपल्या हातगाडीवरची रासबेरी वापरतात. ती त्याच कुळातली असली तरी गोड पडते. त्यापेक्षा कच्चे हिरवे टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि थोडे लिंबू बरे.

पालेभाजीवाली

शाकाहाराची काळजी करूच नका. तांदुळजा आणि घोळ या दोन्ही भाज्यांच्या जाती मेक्सिकोच्या बाजारातही जुड्यांनी विकल्या जातात. घोळ तिथे हिरव्या सॉसमध्ये शिजवतात. बहुतेक वेळा डुकराच्या मांसाबरोबर, पण बटाटा घालूनही छान होते. तिची अंगची आंबटसर चव त्या सॉसला शोभते. भोपळ्याची फुले आपण भज्यांसाठी आणतो, तीच तिथे कांदा-मिरचीवर परतून, थोडे चीज घालून दुमडलेल्या तोर्तियात भरतात. लाल अंबाडीच्या फुलांचे सरबत तिथे घरोघरी होते, आणि सरबत गाळल्यावर उरलेल्या पाकळ्या कांद्यावर परतून टाकोत घालतात. आपण त्या फेकून देतो. आणि राजगिऱ्याची वडी! तिथेही अगदी तशीच मिळते.

चीजच्या जागी ताजे पनीर मीठ लावून, चांगले दाबून, कुस्करून घ्यावे. प्रक्रिया केलेले पिवळे चीज नको.

निवळी

माझ्या तोर्तिया फुगल्या. आता दोन शंका. उरलेले पीठ किती टिकते, आणि मका शिजवलेले ते पिवळे पाणी झाडांना घातले तर चालेल का?

कणीस

अभिनंदन. ओले पीठ त्याच दिवशी वापरलेले चांगले. फ्रिजमध्ये घट्ट झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, पण मग आंबूस वास येऊ लागतो. म्हणून पीठ साठवण्यापेक्षा शिजवून धुतलेले दाणेच पाणी निथळून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे वाटावेत. पिवळे पाणी चांगलेच अल्कधर्मी असते. कुंडीत मुळीच घालू नये. भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडून द्यावे.

भाजलेल्या तोर्तिया उरल्या तर शिळ्याच बऱ्या. त्यांचे त्रिकोण कापून थोडे वाळवावेत, कुरकुरीत तळावेत आणि वाढायच्या अगदी आधी गरम लाल किंवा हिरव्या सॉसमध्ये घोळवून वर पनीर, कच्चा कांदा आणि घट्ट साय घालावी. याला चिलाकिलेस म्हणतात आणि ते सकाळच्या न्याहारीला खातात. सॉस आधी घालून ठेवला तर लगदा होतो, तेव्हा खाणारे ताटावर बसल्यावरच कढई गॅसवर ठेवा.